राजाला सगळं ऐकू येत होतं

“चाकू लेखनिकाचा होता, बोरू तासायचा. त्यानंच कापत होता,” रिबकामावशी म्हणाल्या.

गडग्यापलीकडून शालूवहिनींनी कान टवकारले. “कोण कुणाला कापत होता?”

“राजा. देवाचा निरोप.”

शालूवहिनींची जराशी निराशाच झाली. त्यांना वाटलं, मागच्या आळीतल्या वाटणीच्या भांडणाचं पुढचं प्रकरण असेल. पण हातातली फुलांची परडी गडग्यावर ठेवून त्या उभ्या राहिल्या, कारण मावशी एकदा सांगायला लागल्या की मागची आळी फिकी पडते.

मावशी अलिबागच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, तरी हातात खडू असल्यासारखं बोलायची सवय काही गेलेली नाही. त्या दिवशी संध्याकाळपासून त्यांचा उपास लागणार होता, अव महिन्याच्या नवमीचा. यरुशलेमचं मंदिर याच तिथीला पडलं, पहिलंही आणि दुसरंही, असं यहुदी लोक मानतात आणि एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. जगभरचे यहुदी हा उपास करतात, पण तो बिरड्यानं सोडायची रीत आपल्या कोकणातल्यांची. म्हणून त्याचं नावच बिरड्याचा रोजा. मावशींच्या मांडीवर मोड आलेल्या वालांचं पातेलं होतं. अंगठ्यानं दाबलं की साल बाजूला, दाणा टुपकन पाण्यात.

दर वर्षी वाल सोलताना यरुशलेमची कथा होते, पण सुरुवात कुठून होईल सांगता येत नाही. कधी वेढ्यापासून, कधी चिखलापासून. यंदा शेगडीपासून.

“थंडीचे दिवस. यहुदाचा राजा यहोयाकीम हिवाळी महालात बसलेला, पुढ्यात शेगडी धगधगतेय. दरबारातला एक जण गुंडाळी उलगडून वाचतोय. तीनचार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा तुकडा कापणार आणि निखाऱ्यात टाकणार. पुढचे वाच. पुन्हा कापला, टाकला. अख्खी गुंडाळी अशी शेगडीत गेली.”

“म्हणजे ऐकून घेतलं सगळं?” मी विचारलं.

“शेवटच्या अक्षरापर्यंत! तेच तर सांगतेय. न ऐकता जाळली असती तर मी म्हटलं असतं, बहिरा आहे.”

गुंडाळी कुणाची, तर यिर्मया नबीची. अनाथोथ म्हणजे यरुशलेमपासून तासा-दीड तासाच्या वाटेवरचं गाव, तिथल्या याजकांच्या घरातला हा मुलगा. देवानं निरोप्या म्हणून नेमलं तेव्हा ‘मी लहान आहे, मला बोलता येत नाही’ म्हणून मागे सरत होता. पुढे चाळीस वर्षं एकच बोलत राहिला: गरिबाला नाडू नका, परक्याला आणि विधवेला छळू नका, दुसऱ्या देवांच्या मागे लागू नका. नाहीतर उत्तरेकडून संकट येतंय, हे शहर राहणार नाही. इ.स.पू. ६०५ साली नबुखद्नेस्सरानं कर्कमीशला मिसरच्या फौजेचा फडशा पाडला आणि ‘उत्तरेकडून’ म्हणजे कोण हे कुणाला विचारायची गरज उरली नाही. बाबेल.

“आणि बातमी वाड्यापर्यंत पोचली कशी, तेही ऐक,” मावशी म्हणाल्या. इथे त्या खुलतात. “यिर्मयाला मंदिरात शिरायची मनाई. म्हणून त्यानं आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सगळं तोंडी सांगितलं, बारूखानं शाईनं लिहून घेतलं आणि उपासाच्या दिवशी मंदिरात नेऊन वाचलं. कुठे वाचलं? गमऱ्याच्या खोलीत. गमऱ्या म्हणजे शाफानाचा मुलगा, मोठं घराणं. या गमऱ्याच्या पोरानं ते ऐकलं आणि तडक वाड्यावर. तिथे सगळे कारभारी बसलेले, त्यात याचा बापही. पोरानं सगळं ओकलं. कारभाऱ्यांनी बारूखाला बोलावलं. ये बाबा, बस, वाच. वाचलं तसे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. म्हणाले, हे राजाच्या कानावर घालावंच लागेल, पण तू आणि यिर्मया आधी कुठेतरी लपा, आणि कुठे ते आम्हालाही सांगू नका.”

“चांगली माणसं म्हणायची,” शालूवहिनी म्हणाल्या.

“चांगली, पण घाबरट. आणि घाबरायला कारण होतं. उरीया नावाचा दुसरा एक नबी हेच बोलायचा. तो मिसरला पळाला, तर राजानं माणसं पाठवून तिथून धरून आणला आणि मारून टाकला.”

शेगडीपाशी तीन जणांनी राजाला सांगून पाहिलं, जाळू नका. त्यात हा गमऱ्या होता. आता मावशींचा भाचा राहतो इस्राएलात, अश्दोदला. त्यानं मागे एक फोटो पाठवला होता, तो मावशींनी मोबाइल पदराला पुसून आम्हा दोघींना दाखवला. नखाएवढा मातीचा शिक्का, वर जुन्या लिपीत दोन ओळी. यिगाल शिलो या पुरातत्त्वज्ञानं यरुशलेमच्या दावीदनगरात उत्खनन केलं, तेव्हा १९८२ साली एका जळलेल्या घरात असे पन्नासच्या वर शिक्के मिळाले. दस्तऐवज गुंडाळून दोरा बांधायचा आणि गाठीवर ओल्या मातीत मोहोर उठवायची, अशी तेव्हाची पद्धत. बाबेलच्या फौजेनं शहर पेटवलं तेव्हा कागदपत्रं गेली आणि मातीचे शिक्के मात्र भट्टीत घातल्यासारखे भाजून पक्के झाले. त्यातल्या एकावर लिहिलंय: गमऱ्या, शाफानाचा मुलगा.

“हाच तो?”

“अभ्यासक म्हणतात बहुधा हाच. गुंडाळी वाचवायला धडपडला, त्याचं नाव आगीनं वाचवलं.” मावशींनी मोबाइल परत कनवटीला खोचला. “आणि गुंडाळीचं काय झालं, तर यिर्मयानं बारूखाकडून सगळी पुन्हा लिहून घेतली. वर आणखी पुष्कळ घातलं.”

शालूवहिनींना एवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांचा मुद्दा रोकडा: “पण त्या राजाला शिक्षा काय झाली ते सांगा ना.”

इथे मावशी जरा अडल्या, कारण खरी गोष्ट अशी की यहोयाकीम तसा सुटला. बाबेलशी बंड करून बसला आणि फौज दारात यायच्या सुमाराला मरून गेला. भोगलं ते अठरा वर्षांच्या पोरानं, यहोयाखीननं. तीन महिने राज्य केलं न केलं तोच इ.स.पू. ५९७ मध्ये शहर शरण गेलं आणि आई, बायका, कारभारी, लोहार, सुतार, सगळ्यांसकट त्याला बाबेलला नेलं. दहा हजार माणसं, असं बायबलातल्या राजांच्या पुस्तकात म्हटलंय. बाबेलच्या उत्खननात शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यात यहुदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना द्यायच्या तेलाची नोंद आहे. राजाचा मुलगा, आणि तेल मोजून मिळतंय.

“आजोळचं तेलही नशिबी नाही पोराच्या,” शालूवहिनी हळहळल्या. “केलं बापानं.”

“म्हणून तर तिकडे एक म्हण पडली होती. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. यिर्मया म्हणायचा, ही म्हण एक दिवस बंद होईल. ज्यानं खाल्ली त्याचेच आंबतील.”

“झाली का बंद?”

“मागच्या आळीतल्या वाटण्या बघतेस ना तू?”

माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न होता. इतकी स्पष्ट सूचना मिळत असताना ही माणसं निर्धास्त कशी? मूर्ख होती म्हणून सोडून देणं सोपं आहे, आणि प्रवचनात बहुतेक तसंच सांगतात. पण मावशींनी सांगितलं ते मला जास्त पटलं. शंभर वर्षांपूर्वी, इ.स.पू. ७०१ मध्ये, अश्शूरचा सन्हेरीब यहुदाची एकेक तटबंदीची गावं घेत आला, लाखीश घेतलं, यरुशलेमला कोंडलं. तेव्हा यशया नबीनं राजाला सांगितलं, हे शहर पडणार नाही. आणि खरोखरच नाही पडलं. सन्हेरीब परत गेला. झालं! त्यानंतरच्या चार पिढ्या एकच धरून बसल्या की आपल्याकडे मंदिर आहे, तर देव आपलं घर कशाला पाडू देईल? यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून ओरडला, मंदिर-मंदिर-मंदिर काय करताय, शिलो गावाचं काय झालं ते जाऊन बघा, तिथेही एके काळी माझंच ठाण होतं, असं देव म्हणतोय. त्या बोलण्यावर त्याला मारायलाच उठले. वाचला तो काही म्हाताऱ्यांमुळे. त्यांना आठवलं की मीखा नावाच्या नबीनं पूर्वी असंच सांगितलं होतं, आणि तेव्हाच्या राजानं त्याला मारलं नव्हतं, उलट देवाची करुणा भाकली होती, म्हणून अरिष्ट टळलं.

म्हणजे जुनं अभयवचन खरं ठरलं, हीच नव्या इशाऱ्याची अडचण झाली.

“मग ऐकलं की टळतं, असं आहे तर!” शालूवहिनी.

“निनवेनं ऐकलं. पुढच्या दरफाळणीच्या सणाला ये तू सिनेगॉगमध्ये, दुपारी ती कथा वाचतात. योना नबी त्या शहरात एकच ओळ बोलला, चाळीस दिवसांत शहर उलटेल. तर राजा गादीवरून उतरून राखेत बसला. माणसांनी गोणपाट नेसलं, आणि गुरांनासुद्धा नेसवलं.”

“गुरांना?”

“गुरांना. चारापाणी बंद. देवानं सोडून दिलं शहर. आणि रागावलं कोण? योना! मी एवढा जीव मुठीत धरून सांगायला आलो आणि काही झालंच नाही म्हणून.”

यावर शालूवहिनी इतक्या हसल्या की परडीतली दोन फुलं मावशींच्या अंगणात पडली. पण यात खोच आहे. निनवे म्हणजे शत्रूचं शहर. तिकडचा राजा एका ओळीत राखेत बसतो, आणि इकडे घरचा राजा सबंध गुंडाळी ऐकून शेगडीत घालतो.

आता आला सिद्‌कीया. माझ्या मते सगळ्या कथेतला खरा माणूस हाच, आणि मावशींचाही त्याच्यावर राग कमी नि जीव जास्त आहे. बाबेलनं यहोयाखीनला नेल्यावर त्याच्या या एकवीस वर्षांच्या चुलत्याला गादीवर बसवलं, नावसुद्धा बदलून. अकरा वर्षं राज्य केलं. यहोयाकीमसारखा उर्मट नव्हता. यिर्मयाला मारावं असं त्याला कधी वाटलं नाही. उलट तो त्याला विचारायचा. पुन्हा पुन्हा विचारायचा.

“उत्तर काय मिळायचं?”

“दर वेळी तेच. बाबेलच्या राजाला शरण जा, जीव वाचेल, शहरही वाचेल.”

यिर्मयानं तर गळ्यात लाकडी जू अडकवून हे सांगितलं होतं. बैलासारखा मान वाकवून फिरायचा. तेव्हा गिबोनचा हनन्या पुढे आला, तोही स्वतःला नबीच म्हणवायचा. मंदिरात सगळ्यांदेखत म्हणाला, दोन वर्षांत देव बाबेलचं जू मोडेल, नेलेली भांडी परत येतील, माणसं परत येतील. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असणार. कोण नाही घेणार? यिर्मया काय म्हणाला असेल? ‘आमेन, देव असंच करो.’ मग हनन्यानं त्याच्या गळ्यातलं जू काढून मोडून टाकलं, बाबेलचंही असंच मोडेल म्हणून, तेव्हा यिर्मया निघून गेला. वाद नाही, शाप नाही. मागाहून परत येऊन म्हणाला, लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. आणि तू याच वर्षी मरशील. हनन्या सातव्या महिन्यात गेला.

“म्हणजे आपला विदुर म्हणायचा यिर्मया,” शालूवहिनी म्हणाल्या. “तोही धृतराष्ट्राला सांगून दमला.”

“विदुराला कुणी आडात नाही टाकलं, शालू.”

मला हनन्याबद्दल थोडं बोलायचं आहे. पुस्तकात तो खोटा ठरतो, आणि काळानंही त्याला खोटं ठरवलं. पण त्या दिवशी मंदिरात उभं असतं तर आपण कुणाच्या बाजूला गेलो असतो? एक जण म्हणतोय, आपलं राज्य परत येईल. दुसरा म्हणतोय, शत्रूचं जू गळ्यात घाला. आजच्या भाषेत यिर्मया देशद्रोहीच. तसा आरोप झालाही. सैनिकांचे हात याच्या बोलण्यानं गळतात, अशी कारभाऱ्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. आपल्या देवाचा इशारा शत्रूच्या फायद्याचा असतो तेव्हा तो ओळखायचा कसा? यिर्मयाची कसोटी एवढीच होती की गोड बोलणारा नबी खरा की खोटा, हे त्याचं म्हणणं घडेल तेव्हाच कळेल. वेढ्यात बसलेल्या माणसाला ही कसोटी काय कामाची!

वेढा पडला सिद्‌कीयाच्या नवव्या वर्षी, दहाव्या महिन्यात. तेव्हा एक प्रकार झाला, तो मावशी दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी नव्यानं चिडतात. शहरात पुष्कळ घरी आपल्याच जातभाईंना गुलाम करून ठेवलं होतं. कर्ज फिटेना की माणूस स्वतःला विकायचा. सहा वर्षं राबला की सातव्या वर्षी त्याला सोडायचं, हा नियम. पाळत कुणीच नव्हतं. आता फौज वेशीशी आल्यावर सगळ्यांना धर्म आठवला. राजानं करार करायला लावला. मंदिरात वासरू मधोमध चिरून दोन भाग समोरासमोर ठेवले, कारभारी, जमीनदार, याजक त्यांच्यामधून चालत गेले. करार मोडला तर आमचं या वासरासारखं होवो, असा त्याचा अर्थ. गुलाम सुटले, बायाही सुटल्या.

“बरं झालं.”

“थांब ना. तेवढ्यात मिसरची फौज मदतीला निघाली अशी आवई आली. खास्द्यांनी, म्हणजे बाबेलवाल्यांनी, वेढा उठवला, तिकडे गेले. आणि इकडे शेठलोकांनी काय केलं? सोडलेली माणसं परत धरून आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जात्यावर, पाण्यावर.”

“गरज सरो, वैद्य मरो!”

“अगदी. वासराचं मांस सुकलं नसेल गं अजून.”

यिर्मया कडाडला तो इथे. तुम्ही त्यांना मोकळं केलं नाही, तर आता मी तुम्हाला मोकळं करतो, असं देव म्हणतोय; तलवारीसाठी, रोगासाठी, दुष्काळासाठी मोकळं. आणि गेलेली फौज परत येणार. ती आलीच. माझ्यापुरतं विचाराल तर यरुशलेम पडलं ते याच आठवड्यात. भिंत नंतर पडली. मूर्तिपूजा, आकाशाच्या राणीची पूजा, ही पापं परक्या वाचकाला दूरची वाटतात. पण सुटलेल्या मोलकरणीला दंडाला धरून पुन्हा चुलीपाशी बसवणं कुणालाही कळतं.

वेढा उठला होता त्याच फटीत यिर्मया आपल्या गावाकडच्या जमिनीच्या हिश्श्याचं बघायला निघाला, तर वेशीवरच्या शिपायानं पकडलं. फितूर होऊन चाललास! मार खाल्ला, तळघरात पडला. सिद्‌कीयानं तिथूनही त्याला गुपचूप बोलावलं. देवाचा काही निरोप आहे का? आहे, तू बाबेलच्या राजाच्या हाती पडशील. उत्तर बदललं नाही, पण राजानं कैद्याची जागा बदलली. पहाऱ्याच्या चौकात ठेवला आणि भटारआळीतून रोज एक भाकर द्यायला सांगितली, शहरातलं पीठ संपेपर्यंत.

“आमच्या ह्यांच्यासारखाच की,” शालूवहिनी म्हणाल्या. “साखर वाढली म्हणून चार डॉक्टर पालथे घातले. चौघांनी गोड सोडा सांगितलं. आता पाचवा शोधतायत.”

“आणि सोडतायत का?”

“कालच श्रीखंड आणलंय.”

मावशींनी वाल ढवळले. “कारभाऱ्यांना मात्र यिर्मया डोळ्यांसमोर नको होता. राजाकडे गेले. राजा काय म्हणाला? तो तुमच्या हातात आहे, तुमच्यापुढे राजाचं काही चालत नाही. असा राजा! त्यांनी यिर्मयाला दोरांनी आडात सोडला. पाणी आटलेलं, नुसता चिखल. रुतला त्यात.”

त्या कारभाऱ्यांपैकी दोघांच्या नावाचे शिक्केही दावीदनगरातच एलात मझार यांच्या उत्खननात मिळाले, एक २००५ साली आणि दुसरा त्यानंतर काही वर्षांनी. तक्रारदारांची नावं अशी मातीत पक्की. यिर्मयाला बाहेर काढलं ते मात्र राजवाड्यातल्या एका परदेशी खोजानं, कूशी एबद-मलेखनं. राजाची परवानगी घेतली, माणसं घेतली, आणि आडाकडे जाण्याआधी कोठारात गेला. तिथून जुनेर घेतलं, फाटके कपडे, चिंध्या. दोराला बांधून आधी ते खाली सोडलं आणि म्हणाला, हे काखेत घाल, मग वरून दोर घे. नाहीतर काचेल.

“बाईमाणसाचं सुचणं आहे हे,” शालूवहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्याकडून याहून मोठी पदवी नाही.

मग ती शेवटची भेट. मंदिराच्या तिसऱ्या दारापाशी, चोरून. राजा म्हणाला, काही लपवू नकोस. यिर्मया म्हणाला, सांगितलं तर मारशील, आणि सल्ला दिला तर ऐकणार नाहीस. राजानं शपथ घेतली. यिर्मयानं तेच सांगितलं: शरण जा. आणि तेव्हा सिद्‌कीयाच्या तोंडून खरं कारण आलं. ना मिसरवर भरवसा, ना हनन्यावर, ना देवावर राग. म्हणाला, आपले जे लोक आधीच फितूर होऊन खास्द्यांकडे गेलेत ना, त्यांची मला भीती वाटते. मला त्यांच्या हाती देतील आणि ते माझी टर उडवतील.

“लोक काय म्हणतील!” मी म्हटलं.

“त्यापायी यरुशलेम बुडालं. दुसरं काही नाही.” मावशींचा हा दर वर्षीचा निकाल आहे, त्यावर अपील चालत नाही. “यिर्मया म्हणाला, असं होणार नाही, ऐक. आणि नाही ऐकलंस तर तुझ्याच वाड्यातल्या बायका तुला टोमणे मारतील की तुझ्या दोस्तांनी तुला फसवलं, तुझे पाय चिखलात रुतले तसे ते पळाले. आता बघ, हे कोण सांगतंय? ज्याच्या पायाचा चिखल अजून धुतला गेला नसेल.”

“राजा काय म्हणाला मग?”

“म्हणाला, आपलं हे बोलणं कुणाला सांगू नकोस.”

चौथ्या महिन्यात भाकर संपली आणि तटाला भगदाड पडलं. इ.स.पू. ५८६, काही अभ्यासक ५८७ म्हणतात. राजा रात्री बागेजवळच्या वेशीतून पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. रिब्ला इथे नबुखद्नेस्सरापुढे त्याच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारलं, मग त्याचे डोळे काढले आणि पितळी बेड्या घालून बाबेलला नेलं. महिन्याभरानं मंदिर, वाडा, घरं पेटवली. जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकारानं इथे एक गंमत नोंदवलीय, गंमत म्हणवत नाही खरं तर. यिर्मया म्हणायचा, तू बाबेलला जाशील. तिकडे बाबेलमध्ये असलेला यहेज्केल नबी म्हणायचा, राजा बाबेल बघणार नाही. दोघांचं जुळत नाही म्हणून सिद्‌कीयानं दोघांनाही खोटं धरलं. तो बाबेलला गेला, आणि बाबेल त्यानं पाहिलं नाही.

“पण पोरांचं काय चुकलं हो?” शालूवहिनींनी पुन्हा तोच प्रश्न काढला. त्यांचा आवाज चढला होता. “बाप ऐकत नाही, मंत्री ऐकत नाहीत, शेठ लबाड, आणि मरायचं पोरांनी? हा कुठला देव?”

“मलाही नाही पटत,” मावशी म्हणाल्या. “पटतं म्हणून आम्ही आज रात्री विलापगीत वाचतो असं वाटतं का तुला? त्यात देवालाच विचारलंय, बघ तरी तू हे कुणाचं केलंस म्हणून. भुकेनं चौकात पडलेल्या लेकरांचं लिहिलंय. चुकलं आमचं, हेही लिहिलंय. दोन्ही एकाच तोंडानं. त्यात हिशेब जुळवलेला नाही.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशींनीच विषय काढला, जमिनीचा, आणि अलिबागेत या विषयानं कुणीही जागं होतं. वेढा चालू असताना, यिर्मया कैदेत असताना, त्याचा चुलतभाऊ हनामेल आला. म्हणाला, अनाथोथचं माझं शेत तू घे, पहिला हक्क तुझा. शेत तेव्हा शत्रूच्या फौजेखाली. यिर्मयानं सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बसवले, खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद, एक उघडी, आणि बारूखाला सांगितलं, मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हवीत.

“फसवला त्याला!” शालूवहिनी उसळल्या. “वेढ्यात कोणी जमीन घेतं? आमच्याकडे येणारे एजंट बरे.”

“जो चाळीस वर्षं सांगत होता की शहर पडणार, त्यानंच पडायच्या आधी जमीन घेतली. म्हणाला, या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील.”

“घेतले का?”

“भाचा अश्दोदला फ्लॅटचे हप्ते भरतोय.”

शहर पडल्यावरही न ऐकणं संपलं नाही. बाबेलनं गदल्याला सुभेदार नेमलं, चांगला माणूस. त्याला आधी सांगितलं होतं की इश्माएल नावाचा एक जण तुझ्या जिवावर उठलाय. विश्वास बसला नाही त्याचा. जेवणाच्या पानावरच खून झाला. उरलेले लोक भेदरले, यिर्मयाकडे आले, देवाला विचार, तो सांगेल तसं करू. दहा दिवसांनी उत्तर आलं: इथेच राहा, मिसरला जाऊ नका. लगेच म्हणाले, तू खोटं बोलतोस. आणि मिसरला गेले. जाताना यिर्मयाला बरोबर घेऊन गेले!

“नेलं कशाला, ऐकायचं नव्हतं तर?”

“विचारायला कुणी हवं ना, पुढच्या वेळी.”

तिथे मिसरमध्ये, म्हातारपणी, यिर्मयाचं शेवटचं भांडण झालं, आणि ते बायकांशी. तो म्हणाला, तुम्ही आकाशाच्या राणीला धूप जाळलात, पोळ्या वाहिल्यात, म्हणून हे सगळं झालं. बायकांनी ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या, आम्ही राणीला पोळ्या वाहत होतो तोवर घरात अन्न होतं, सगळं सुखाचं होतं. ते बंद केलं, तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ. आणि आम्ही पोळ्या केल्या त्या काय नवऱ्यांना न सांगता केल्या का?

“बरोबर आहे त्यांचं!” शालूवहिनींनी गडग्यावर हात आपटला. “एकदम बरोबर. घटना त्याच, त्यानं एक जोडलं, त्यांनी दुसरं. आणि नवऱ्यांना बरं विचारत नाही कोणी?”

“नवरे तिथेच उभे होते. पण यिर्मयाकडेही जबाब होताच,” मावशी म्हणाल्या. “म्हणाला, कुणाचं खरं ठरतं ते बघाल. मिसरचा हाफ्रा राजा शत्रूच्या हाती पडेल, ही खूण.”

“पडला?”

“पडला. स्वतःच्याच सेनापतीनं गादी घेतली त्याची.”

“मग ऐकलं का बायकांनी?”

“त्याच्या आधीच कथा संपते. यिर्मयाचं पुढे काय झालं, काही लिहिलेलं नाही.”

“अहो, पण शेवटी म्हणाला काय तो त्यांना?”

मावशींनी पातेल्यातले शेवटचे वाल ओंजळीत घेतले, एक सालीसकट राहिला होता तो सोलला. “म्हणाला, नवस बोललात ना? मग करा पोळ्या.”